विश्लेषण : आराखडा इथला, किल्ली तिकडची... डिझाइन सॉफ्टवेअरवर भारतीय कारखाने किती अवलंबून?

चाकण, भोसरी किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात सीएनसी मशीन जपानी असेल, राजकोटचे असेल किंवा बंगळूरुचे. कच्चा माल इथला, कामगार इथले. पण त्या मशीनने धातू कुठून, किती आणि कोणत्या वेगाने कापायचा हे ठरवणारे सॉफ्टवेअर जवळपास नेहमीच परदेशी असते. वीज गेली तर जनरेटर लावता येतो. सॉफ्टवेअरचा परवानाच बंद झाला तर काय, हा प्रश्न अलीकडेपर्यंत कुणी फारसा विचारत नव्हते. २०२५मधील काही घडामोडींनी तो ऐरणीवर आणला आहे.

नेमके घडले काय?

मे २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स ईडीए या तीन कंपन्यांना चीनला चिप डिझाइनचे सॉफ्टवेअर पुरवण्यावर निर्बंध घातले. जगभरातील चिपचे आराखडे प्रामुख्याने या तिघांच्याच सॉफ्टवेअरवर तयार होतात. चीनने दुर्मीळ खनिजांची निर्यात आवळल्याचे हे उत्तर होते. दोन्ही देशांत समझोता झाला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात निर्बंध उठले. जेमतेम पाच आठवड्यांचा हा खेळ. पण खनिजांच्या बदल्यात सॉफ्टवेअर वापरता येते, हे त्यातून उघड झाले. त्याच जुलैच्या शेवटी केडन्सने चीनच्या एका लष्करी विद्यापीठाला आपली साधने विकल्याचा गुन्हा कबूल केला आणि १४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याची तयारी दाखवली.

त्याच महिन्यात भारतालाही एक चटका बसला. युरोपीय महासंघाने १८ जुलैला गुजरातमधील नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा आहे. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल व अन्य सेवा बंद केली. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प वाडीनारमध्ये. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. ई-मेलला पर्याय मिळतो. भारतात त्यानंतर स्वदेशी ऑफिस सॉफ्टवेअरची बरीच चर्चाही झाली. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये कारखान्याचे वीस वर्षांचे आराखडे आहेत, त्याचा पर्याय एवढ्या सहज मिळत नाही, आणि त्याविषयी चर्चाही तुलनेने कमीच झाली.

हे सॉफ्टवेअर नेमके काय करते?

दुचाकीच्या इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे आवरण घ्या. पूर्वी ड्राफ्ट्समन ड्रॉइंग बोर्डवर त्याची वरून, समोरून, बाजूने अशी चित्रे काढी. त्यावरून पॅटर्नमेकर लाकडी नमुना करी, नमुन्यावरून साचा होई. ड्रॉइंगमधील एखादी चूक साचा तयार झाल्यावर, कधी तर इंजिन जोडताना लक्षात येई.

आज हे आवरण आधी संगणकात घन आकार म्हणून ‘तयार’ होते. हे कॅड. त्यातील मापे एकमेकांना बांधलेली असतात. भिंतीची जाडी ३ मिलिमीटरऐवजी साडेतीन केली, की तिला चिकटलेल्या गोलाया, भोके आणि ड्रॉइंगवरची मापे आपोआप बदलतात. मग पाळी परीक्षेची. सॉफ्टवेअर त्या आकाराचे हजारो-लाखो बारीक तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यावर भार, उष्णता, कंपने यांचा काय परिणाम होईल याची समीकरणे सोडवते. याला सीएई म्हणतात. तुकडा कुठे तडकेल हे धातू ओतण्याआधीच कळते. पुढे डाय, म्हणजे साचा. तो कापण्यासाठी कटरने कोणत्या मार्गाने फिरायचे, आधी जाडसर किती काढायचे, शेवटचा हात किती बारीक फिरवायचा, हे कॅम ठरवते. शेवटी हा मार्ग त्या विशिष्ट मशीनला समजेल अशा जी-कोडमध्ये उतरवला जातो. इथे चूक झाली तर कटर लाखो रुपयांच्या ब्लॉकमध्ये घुसतो. हा आवाज एकदा ऐकलेला ऑपरेटर तो विसरत नाही.

आकार, परीक्षा आणि कापणी एकाच मॉडेलवर होतात, हे या सगळ्याचे खरे बळ आहे. आणि तीच त्याची अडचणही. मॉडेल ज्याच्या फॉरमॅटमध्ये, त्याच्या हाती पुढची सगळी साखळी.

या साधनांचा जन्म कुठे झाला?

हा इतिहास थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण भारताच्या अडचणीचे एक उत्तर त्यात दडले आहे. ही साधने बहुतांशी सॉफ्टवेअर कंपन्यांत जन्मली नाहीत. मोटारीच्या वळणदार पत्र्याचे गणित पॉल द कास्तेल्जो यांनी सित्रोएनमध्ये आणि पिएर बेझिए यांनी रेनोमध्ये मांडले. डोळ्यांसमोर प्रश्न होता तो मोटारींचाच. आज संगणकावरील अक्षरांचे फाँटही ‘बेझिए वक्र’ वापरतात. संगणकाच्या पडद्यावर थेट रेषा काढणारा ‘स्केचपॅड’ हा कार्यक्रम आयव्हन सदरलँड यांनी १९६३मध्ये एमआयटीत दाखवला. रचनांवरील ताण मोजणारे ‘नॅस्ट्रान’ अमेरिकेच्या नासाने १९६०च्या दशकात स्वतःच्या गरजेसाठी करून घेतले. ‘कॅटिया’ फ्रान्सच्या दासो या लढाऊ विमाने बनवणाऱ्या कंपनीत घडले आणि ते विकण्यासाठी १९८१मध्ये वेगळी कंपनी निघाली.

थोडक्यात, आधी कारखान्याची गरज, मग सरकारचा किंवा उद्योगाचा पैसा, आणि त्यानंतर विकण्याजोगे उत्पादन. भारतात पहिल्या दोन पायऱ्या अनेकदा चढल्या गेल्या. तिसरी क्वचितच.

दोन आवृत्त्यांतील फरकानेही विमान अडते...

हे सॉफ्टवेअर किती खोलवर रुतले आहे, याचा सर्वात महागडा धडा एअरबसला मिळाला. ए-३८० या महाकाय विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीची वायरिंग आहे. हॅम्बुर्गमधील अभियंते कॅटियाची चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूझमधील पाचवी. विक्रेता एक, नावही एक. पण दोन आवृत्त्यांमध्ये माहिती नीट उतरत नव्हती. तारा कशा वाकतील, मार्गात काय बदल झाले हे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला कळले नाही. विमानात बसवताना तारांचे जुडगे कमी पडू लागले. हजारो तारा हाताने पुन्हा लावाव्या लागल्या. २००६मध्ये एअरबस आणि तिच्या मालक कंपनीचे प्रमुख पायउतार झाले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ते ऑक्टोबर २००७मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा दीड वर्षाहून अधिक उशिरा. हे सारे कोणीही निर्बंध लादलेले नसताना घडले.

विकत घेतलेले की भाड्याचे?

एके काळी कॅड सॉफ्टवेअर विकत घेतले जाई. सीडी मिळे, सोबत संगणकाला लावायचा डोंगल मिळे. विक्रेत्याशी भांडण झाले, कंपनी बुडाली, तरी ते चालत राही. भोसरीच्या कित्येक टूल-रूममध्ये दहा-पंधरा वर्षे जुनी आवृत्ती जुन्या संगणकावर सुखाने चालताना आजही दिसते. गेल्या दशकात हे चित्र पालटले. ‘ऑटोकॅड’ बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली आणि वार्षिक वर्गणी सुरू केली. इतर कंपन्याही कमीअधिक प्रमाणात त्याच वाटेने गेल्या. सॉफ्टवेअर ठरावीक काळाने इंटरनेटवरून मूळ कंपनीच्या सर्व्हरकडे परवाना तपासून घेते. वर्गणी भरलेली नसेल तर उघडत नाही.

हिशेबाच्या दृष्टीने लहान कारखान्याला यात सोयही आहे. एकदम मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही आणि नवी आवृत्ती आपोआप मिळते. पण मालक आता भाडेकरू झाला आहे. घरमालकाच्या देशाचा कायदा बदलला तर भाडेकरूला विचारले जात नाही.

असे प्रत्यक्षात घडले आहे का?

रशियात घडले. युक्रेनवरील हल्ल्यानंतर २०२२मध्ये ऑटोडेस्क, पीटीसी, सीमेन्स आदींनी तिथला व्यवसाय थांबवला. आधी हे कंपन्यांचे निर्णय होते, नंतर कायदे झाले. युरोपीय महासंघाने डिसेंबर २०२३मध्ये रशियन सरकार व कंपन्यांना औद्योगिक डिझाइन व उत्पादनाचे सॉफ्टवेअर देण्यास मनाई केली. अमेरिकेचे तशाच स्वरूपाचे निर्बंध सप्टेंबर २०२४पासून लागू झाले. त्या यादीत कॅड आणि कॅमची नावे थेट लिहिली आहेत. रशियाकडे निदान ‘अ‍ॅस्कॉन’ ही देशी कंपनी, तिचे ‘कॉम्पास-थ्रीडी’ आणि स्वतःचे भूमितीय इंजिन होते. त्यामुळे तिथले कारखाने थांबले नाहीत. पण विमान उद्योगासारख्या क्षेत्रात जुने आराखडे नव्या साधनांत उतरवण्याचे काम सोपे नाही.

चीनला इशारा त्याआधीच मिळाला होता. जून २०२०मध्ये हार्बिनमधील दोन विद्यापीठांचा ‘मॅटलॅब’ या गणिती सॉफ्टवेअरचा परवाना अमेरिकी निर्बंधांमुळे रद्द झाला. अभ्यासक्रम, प्रबंध, प्रयोगशाळा यांत मुरलेले साधन एका दिवसात गेले. चीनने तेव्हापासून या क्षेत्रात पैसा ओतला आहे. हुआवेने २०२३मध्ये १४ नॅनोमीटर आणि त्यावरील चिपसाठी देशी साधने तयार केल्याचे सांगितले. एम्पिरियन ही तिथली आघाडीची चिप डिझाइन सॉफ्टवेअर कंपनी. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेने तिलाही काळ्या यादीत टाकले.

भारतालाही हा अनुभव नवा नाही. १९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने इस्रो, डीआरडीओसह अनेक भारतीय संस्थांना यादीत घातले. तेजस विमानाच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीसाठी लॉकहीड मार्टिनबरोबर सुरू असलेले काम मध्येच तुटले आणि भारतीय अभियंत्यांना ते स्वतः पुरे करावे लागले. इस्रो व डीआरडीओच्या संस्था त्या यादीतून बाहेर पडल्या त्या २०११मध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्राला तर जानेवारी २०२५पर्यंत थांबावे लागले.

दुसरे सॉफ्टवेअर घेणे इतके अवघड का?

पहिले कारण सर्वात खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात आहे. त्याला भूमितीय कर्नल म्हणतात. दोन नळ्या एकमेकींत घुसवल्या तर छेदाची रेषा कशी असेल, धारदार कडेला गोलाई दिली तर शेजारचे पृष्ठ कसे वळेल, हे गणित तो करतो. ऐकायला सोपे, पण हजारो अपवादात्मक परिस्थितींत न कोसळणारा कर्नल तयार व्हायला दशके लागतात. म्हणून जगात मोजकेच कर्नल चालतात. ‘पॅरासॉलिड’ हा केंब्रिजमध्ये जन्मलेला आणि आता सीमेन्सच्या मालकीचा कर्नल तिच्या स्वतःच्या ‘एनएक्स’मध्ये तर आहेच, पण प्रतिस्पर्धी दासोचे ‘सॉलिडवर्क्स’ही त्याच्यावरच चालते. स्पर्धकांनाही हा थर उसना घ्यावा लागतो, यावरून त्याचे मोल कळावे.

दुसरे कारण फाइलचे. ‘स्टेप’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यातून आकार एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतो. मात्र आकार जातो, तो घडवण्याचा इतिहास सहसा जात नाही. पुरणपोळी मिळते, कृती मिळत नाही. जाडी बदलायची तर आकार पुन्हा नव्याने बांधावा लागतो. जर्मनीच्या डाइम्लरने २०१०च्या अखेरीस कॅटिया सोडून एनएक्स स्वीकारण्याचे जाहीर केले. पैसा, मनुष्यबळ आणि विक्रेत्याचे पूर्ण सहकार्य असूनही हे स्थलांतर काही वर्षे चालले. पुरवठादारांनाही आपल्या यंत्रणा त्यानुसार बदलाव्या लागल्या.

तिसरे कारण माणसांचे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांना बडे विक्रेते विद्यार्थ्यांसाठी फुकट किंवा नाममात्र दरात परवाने देतात. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या बायोडेटात अभियांत्रिकीच्या विषयांआधी सॉफ्टवेअरची नावे असतात आणि कारखानदारही नोकरी देताना तेच विचारतो. हे दान नव्हे, पेरणी आहे.

पुण्याचा विरोधाभास काय?

हे सॉफ्टवेअर परदेशी असले तरी ते लिहिणारे हात बऱ्याच प्रमाणात पुण्यातले आहेत. दासो, सीमेन्स, पीटीसी, अ‍ॅन्सिस या सर्वांची मोठी विकास केंद्रे पुण्यात आहेत. त्यामुळे भारतात हे कौशल्यच नाही, असे म्हणता येत नाही. मालकी नाही, एवढेच.

गोदरेज समूहातून निघालेल्या ‘जिऑमेट्रिक’ कंपनीची कहाणी यासाठी बोलकी आहे. तिचे ‘कॅमवर्क्स’ हे कॅम सॉफ्टवेअर जगभर विकले गेले. दासोबरोबर तिची पुण्यात संयुक्त कंपनीही होती. २०१६मध्ये जिऑमेट्रिकचा व्यवसाय एचसीएलकडे देण्याचा व्यवहार जाहीर झाला आणि संयुक्त कंपनी पूर्णपणे दासोकडे गेली. कॅमवर्क्स भारतीय मालकीत राहिले, ही जमेची बाजू. पण ते प्रामुख्याने चालते सॉलिडवर्क्सच्या आत. म्हणजे भारतीय मजला, फ्रेंच इमारत आणि जर्मन मालकीचा पाया.

दरम्यान वरच्या थरातील कंपन्यांची संख्याही घटते आहे. सीमेन्सने मार्च २०२५मध्ये सुमारे १० अब्ज डॉलरला ‘अल्टेअर’ घेतली. जुलैमध्ये सिनॉप्सिसने ३५ अब्ज डॉलरचा अ‍ॅन्सिसचा व्यवहार पूर्ण केला. सप्टेंबरमध्ये केडन्सने ‘हेक्सागॉन’चा डिझाइन व अभियांत्रिकी विभाग घेण्याचे जाहीर केले. त्यात नॅस्ट्रानचा वारसा सांगणारे एमएससी सॉफ्टवेअरही आहे. चिपचे डिझाइन करणारे आणि पुलाचा किंवा पंख्याचा ताण मोजणारे सॉफ्टवेअर आता एकाच छताखाली येत आहे. म्हणजे चिपसाठी लागलेले निर्बंध उद्या कुठवर पोहोचतील, याचा अंदाज बांधणेही अवघड होणार.

भारताकडे स्वतःचे काय आहे?

वाटते त्यापेक्षा बरेच. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे ‘फीस्ट’ रचनांचे विश्लेषण करते. त्याच केंद्राचे ‘प्रवाह’ हवेचा आणि उष्णतेचा परिणाम मोजते. गगनयानासाठी ते वापरले गेले. तेजसच्या कार्बन संमिश्र भागांसाठी वैमानिक विकास संस्थेने ‘ऑटोले’ तयार केले. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या संशोधनातून ‘ऑटोकास्ट’ आले. वितळलेला धातू साच्यात गोठताना पोकळी कुठे राहील आणि रायझर कुठे ठेवावा, हे ते सांगते. लहान फाउंड्रींना जर्मन वा फ्रेंच सॉफ्टवेअर परवडत नाही, ही गरज समोर ठेवूनच ते घडले. आयआयटी मुंबईचाच ‘फॉसी’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि सर्किट डिझाइनसाठी त्याने ‘ईसिम’ बांधले.

यांतील बहुतेकांची अडचण एकच आहे. ती संस्थेच्या गरजेपुरती घडली. बाहेरच्या ग्राहकाला फोनवर मदत करणारा, दर सहा महिन्यांनी सुधारणा देणारा, गावोगावी प्रशिक्षण देणारा विक्रेता त्यांच्यामागे उभा राहिला नाही. नासाचे नॅस्ट्रान कंपन्यांनी बाजारात नेले, दासोने कॅटियासाठी कंपनीच काढली. आपल्याकडे संशोधकाची बढती आणि अंदाजपत्रकाचे वर्ष संपले की अनेकदा उत्पादनही थांबते.

सरकारी धोरणाचा भर सध्या वापरावर आहे. बंगळूरुतील सी-डॅकच्या ‘चिपइन’ केंद्रातून अडीचशेहून अधिक शैक्षणिक संस्थांना चिप डिझाइनची साधने मिळतात. एरवी ती त्यांच्या आवाक्यात नसती, त्यामुळे योजना चांगलीच आहे. पण ही साधने सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्सचीच आहेत. मे २०२५मध्ये जी तीन नावे चीनसाठी बंद झाली, नेमकी तीच.

लहान कारखान्यांनी काय करायचे?

सगळे काही देशी करा, ही घोषणा सोपी आणि निरुपयोगी आहे. चाकणच्या पुरवठादाराला निवडीचे स्वातंत्र्यच नसते. एक ग्राहक कॅटियाची फाइल मागतो, दुसरा एनएक्सची. दोन्हींचे परवाने घ्यावे लागतात. ते परवडत नाहीत म्हणून काही ठिकाणी चोरीच्या प्रती चालतात आणि मग एके दिवशी कंपनीच्या वकिलाची नोटीस येते. स्वस्त पर्याय शोधणारे ऑटोकॅडच्या फाइल उघडणाऱ्या ‘झेडडब्ल्यूकॅड’ किंवा ‘जीस्टारकॅड’कडे वळतात. ही दोन्ही चिनी आहेत. अमेरिकी अवलंबित्व टाळताना कुठे पोहोचतो, हेही पाहायला हवे.

विमान उद्योगाने यावर एक साधी सवय लावून घेतली आहे. विमान तीस-चाळीस वर्षे उडते, सॉफ्टवेअर तेवढे टिकत नाही. म्हणून ‘लोटार’ नावाच्या मानकांनुसार आराखडे स्टेपसारख्या खुल्या फॉरमॅटमध्येही जपले जातात आणि ते पुन्हा उघडतात की नाही, याची पडताळणी होते. हे करायला भोसरीच्या टूल-रूमला कोणत्याही परदेशी परवान्याची परवानगी लागत नाही. प्रत्येक डायचे मॉडेल खुल्या फॉरमॅटमध्ये, त्याचे जी-कोड आणि मापांचे पीडीएफ वेगळ्या डिस्कवर ठेवायचे, एवढेच काम आहे. सॉफ्टवेअर बंद पडले तरी चालू ऑर्डर त्यावर निघू शकते, कारण मशीनला जी-कोड पुरतो. नवी डाय मात्र निघणार नाही. तिच्यासाठी कर्नल लागतो, आणि तो करायचा की नाही, कोणी करायचा आणि त्याला पंधरा वर्षे पैसा कोण देणार, याचे उत्तर भोसरीत नाही, दिल्लीत आहे.